रस्त्यातलं टेबल

आमच्या ईस्ट कॅल्डरात दोन खानावळी होत्या,
रस्त्याच्या या अंगाला एक, त्या अंगाला एक,
आणि मधल्या चिखलात गावची डुकरं,
त्यांना कुठल्याच पक्षाचं वावडं नव्हतं.

एलिफलेट वॉडमकडे फेडरलिस्ट बसत,
जेबेझ टूसीकडे रिपब्लिकन.
दोघांची सफरचंदाची दारू एकाच घाण्यातली,
पण हे बोलायचं नसतं,
ते मी सातव्या वर्षी शिकलो, थोबाडीत खाऊन.
इंग्रजांशी पुन्हा जुंपली तेव्हा तर
डॉक्टरसुद्धा दोन झाले.
ताप आधी विचारायचा, कुणाचा तू?

मग अठराशे सतराच्या उन्हाळ्यात बातमी आली:
नवा राष्ट्राध्यक्ष उत्तरेकडे निघालाय,
बंदरं बघत, किल्ले बघत.
कोट म्हणे जुन्या तऱ्हेचा, विजार गुडघ्यापर्यंतच,
पोरवयातल्या लढाईची गोळी खांद्यात.
पुढे वकिली, परदेशी वकिलात, मग हे खातं, ते खातं,
म्हातारा माणूस जिना चढतो तसा चढला,
एकेक पायरी, कठडा न सोडता.
कुणी म्हणालं, त्याला अर्ध्या गावाचा पाहुणा व्हायचं नाही.

ठीक. पण जेवणार कुठे?

तीन रात्री सभा चालली. एक दात पडला.
चौथ्या रात्री माझा उस्ताद, ओबडाया थ्रॉल,
जो सभेत फक्त ऊब घ्यायला यायचा,
डोळे न उघडता म्हणाला,
रस्त्यात.

वॉडमच्या कोठारातून ओकच्या फळ्या आल्या,
टूसीकडून पाइनच्या.
मी म्हटलं, उस्ताद, ही दोन लाकडं एका चौकटीत नांदत नाहीत,
एक फुगतं तेव्हा दुसरं हट्टाला पेटतं.
तो म्हणाला, नांदायला कोण सांगतंय?
एक दुपार बसायचंय.

मागच्या अंगणात कॅन्डेस हंस सोलत होती,
तिच्या मताला विचारणारं कुणी नव्हतं, दोन्ही खानावळींत.
मी तिला सांगितलं, येणारा माणूस निःपक्ष आहे.
तिनं हातातला पक्षी उलटा धरला,
नागडा, पांढरा, काटा आलेला.
म्हणाली, असा?

बासष्ट माणसं बसली. पंक्तिभेद नको
म्हणून चिठ्ठ्या टाकून जागा दिल्या,
आणि वॉडमच्या मांडीला टूसीची मांडी लागली.
मधोमध उंच पाठीची खुर्ची, रिकामी.
एक वाजला. दोन वाजले.
रश्श्यावर साय धरली.
तीनच्या सुमारास एक घोडेस्वार आला, घामाघूम:
पूल खचलाय, गाडी खालच्या रस्त्यानं गेली,
एव्हाना नदीपार असेल.

कुणीच काही बोललं नाही.
भाषण पाठ केलेला पाद्री ओठ हलवत राहिला.
मग टूसी म्हणाला, मीठ.
वॉडमनं दिलं.
लोक पुढे याला गावाचं मनोमीलन वगैरे म्हणू लागले;
मी तिथं होतो, अन्न थंड होत होतं.
पण हेही सांगतो,
त्या दिवशी अंधार पडेपर्यंत कुणी उठलं नाही,
आणि घाण्याचा विषय निघाला तेव्हा
दोघंही इतके हसले की बाक मोडला.

सगळे गेल्यावर मी पाचरी काढायला परत आलो.
खुर्चीत कॅन्डेस बसली होती,
जोडे काढून, हंसाची गार तंगडी चावत.
मी मेणबत्ती विझवली आणि परत फिरलो.
हे आजवर कुणाला सांगितलं नव्हतं.

पहिल्या थंडीत टेबल तडकलं.
सांध्यावर नाही, मी रोज जाऊन बघत होतो, सांधा धरून होता.
ओक आतूनच फाटला, एकटा, आपल्याच रेषेवर.
उस्तादानं चीर बोटानं चाचपली,
बराच वेळ,
आणि मला सरस तापवायला सांगितलं.